निदान, निदान तरी करा!

मराठीत 'निदान' हा मोठा गमतीचा शब्द आहे. एक अर्थ रोग ओळखणं आणि दुसरा अर्थ 'कमीत कमी'. आजी म्हणायची ना, "जेवत नाहीस तर निदान ताक तरी घे", तो. हल्ली डिझेल गाड्यांच्या गॅरेजमध्ये गेलं की मला हे दोन्ही निदान एकत्र करून ओरडावंसं वाटतं. बाबांनो, पार्ट बदलायच्या आधी निदान, निदान तरी करा!

आजचा विषय तसा रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. डिझेल इंजिनातलं एक छोटंसं विजेचं सर्किट. नाव मात्र लांबलचक: फ्युएल प्रेशर रेग्युलेटर कंट्रोल सर्किट. काकू, आत्या, मावशी मंडळींनी लगेच पान बंद करू नये. गाडीतलं काही कळत नसलं तरी गाडीची बिलं सगळ्यांच्याच घरात येतात, आणि हा लेख खरं तर बिलाबद्दलच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांना हे माहीत आहे त्यांनी सरळ पुढे जावं.)

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन जर्मनीत आउग्सबुर्गला १८९७ साली नीट चालून दाखवलं गेलं. या इंजिनाला स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची बारीक फवारणी करायची, की भडका उडतो. म्हणजे सगळा खेळ फवारणीचा. किती, केव्हा आणि किती बारीक. वर्षानुवर्षं हे काम यांत्रिक पंप करत असे. इंजिनाबरोबर फिरणारा पंप, त्यातले प्लंजर, प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाईप, टोकाला नोझल. नोझल साधारण दीडशे-दोनशे बारच्या दाबाला उघडायचं. जुने मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तीन नंबरचं नोझल ठोकतंय." ती एक विद्याच होती, आणि गावोगावच्या पंप-नोझलच्या दुकानांनी ती जपली होती.

मग बरोब्बर शंभर वर्षांनी, १९९७ साली, अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल पद्धत प्रवासी गाड्यांत आली. यात पंपाचं काम एवढंच, की डिझेल दाबून एका जाड नळीत भरून ठेवायचं. ही नळी म्हणजे रेल. त्या रेलमधून सगळी इंजेक्टर्स डिझेल घेतात, आणि कुणी केव्हा उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि खाली प्रत्येकाचा नळ, असं समजा. फरक एवढाच की इथला दाब सोळाशे-दोन हजार बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास. यावरून अंदाज करा.

आता हा दाब सतत एकसारखा ठेवून चालत नाही. गाडी नुसती उभी असताना अडीचशे-तीनशे बार पुरतो, घाट चढताना कितीतरी जास्त लागतो. म्हणून हवा तेवढाच दाब ठेवणारा एक विजेवर चालणारा व्हॉल्व लागतो. तोच आपला आजचा नायक, प्रेशर रेग्युलेटर. काही गाड्यांत तो पंपाच्या तोंडाशी बसतो आणि पंपात किती डिझेल शिरू द्यायचं ते ठरवतो. काहींत रेलच्या टोकाला बसतो आणि जास्तीचं डिझेल परत टाकीकडे सोडतो. काही गाड्यांत दोन्ही असतात. आत एक कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक स्प्रिंग आणि एक सरकणारा दट्ट्या. कॉम्प्युटर या कॉइलचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू किती वेळ आणि बंद किती वेळ, या प्रमाणावर दट्ट्या किती सरकेल ते ठरतं. बस्स. एवढंच आहे हे सर्किट. एक कॉइल, दोन तारा, एक प्लग, मागे फ्यूज आणि रिले, आणि पलीकडे कॉम्प्युटर.

आता इंजिनाचा दिवा लागला, गाडीची ताकद गेली, स्कॅनर लावला आणि कोड आला पी-००९०. (त्याचे सख्खे भाऊ पी-००९१ आणि पी-००९२.) बहुतेक ठिकाणी पुढचं वाक्य ठरलेलं: "साहेब, पंप गेला."

माझा सगळा राग या वाक्यावर आहे.

का, ते सांगतो. या कोडचा अर्थ नीट वाचला तर तो एवढाच आहे: 'रेग्युलेटरच्या विजेच्या सर्किटमध्ये मला गडबड दिसते.' हे वाक्य कॉम्प्युटरचं आहे, आणि कॉम्प्युटरला या बाबतीत डोळे नाहीत. त्याला तो व्हॉल्व दिसत नाही, पंप दिसत नाही, डिझेल तर मुळीच दिसत नाही. त्याला फक्त त्याच्या पिनेवर आलेल्या तारेचं व्होल्टेज कळतं. बऱ्याच गाड्यांत रचना अशी असते, की कॉइलच्या एका टोकाला रिलेतून बारा व्होल्ट मिळतात आणि दुसरं टोक कॉम्प्युटर आतल्या आत जमिनीला जोडतो आणि सोडतो. त्याने सोडलं की कॉइलमधून आलेले बारा व्होल्ट त्याच्या पिनेवर दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर एक तर वाटेत कुठेतरी तार तुटली आहे, किंवा ती बॉडीला चिकटली आहे, किंवा मुळात मागून वीजच येत नाही. उलट, त्याने जमिनीला जोडल्यावर व्होल्टेज खाली यायला हवं. नाही आलं, तर ती तार बारा व्होल्टच्या दुसऱ्या तारेला कुठेतरी भिडली आहे, किंवा कॉइलच आतून शॉर्ट आहे. पी-००९१ म्हणजे व्होल्टेज नको तेव्हा कमी, पी-००९२ म्हणजे नको तेव्हा जास्त. यात पंप कुठे आला?

सोपं उदाहरण घ्या. तुम्ही नागपूरच्या मामांना फोन लावताय आणि फोन लागत नाही. याचे अर्थ किती होतील? तुमचा फोन बिघडला असेल, लाईन तुटली असेल, मामांचा फोन बिघडला असेल. पण फोन लागत नाही म्हणून कुणी मामाच बदलायला निघत नाही! पी-००९० आल्यावर आख्खा पंप बदलणं म्हणजे मामा बदलणं आहे.

पंपाबद्दल, दाबाबद्दल तक्रार करणारे कोड वेगळे आहेत. पी-००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी, पी-००८८ म्हणजे दाब जास्त, पी-००८९ म्हणजे रेग्युलेटर सांगितलं तसं वागत नाही. हे आले की फिल्टर तुंबलाय का, हवा शिरतेय का, इंजेक्टर्स जास्त डिझेल परत सोडताहेत का, पंप झिजलाय का, असा विचार करायचा. तिथे फोन लागलाय, पण मामा ऐकत नाहीत. दोन्ही तक्रारींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो ओळखायला इंजिनीअर असावं लागत नाही, कोडचं पूर्ण वाक्य वाचावं लागतं.

एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. माझे आत्तेभाऊ नारायणगावहून वाशीच्या मार्केटला भाजी नेतात. स्वतःचा पिकअप आहे. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीने एक नवीनच नखरा सुरू केला. माळशेज घाटात, खराब रस्त्यावर, एखाद्या आदळ्यासरशी दिवा लागायचा, गाडी जीव सोडायची. कडेला अर्धा तास उभी केली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. आता टोमॅटो भरलेली गाडी पहाटे तीन वाजता घाटात बंद पडणं म्हणजे काय, ते ज्याचा माल आहे त्यालाच कळतं. मार्केटला दोन तास उशीर झाला तर त्या दिवशीचा भाव गेला.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. दहा मिनिटांत स्कॅनरवर पी-००९० आला आणि अकराव्या मिनिटाला कोटेशन. व्हॉल्व सुटा मिळत नाही, पूर्ण पंप टाकावा लागेल, मजुरीसकट अडतीस हजार. दादा फोनवर मला म्हणाले, "अडतीस तर अडतीस, पण रोजची कटकट तरी जाईल. टाकून टाकतो."

मी म्हटलं, "दादा, दोन दिवस थांबा. आळेफाट्याला ते वायरिंगवाले काका आहेत ना, त्यांना एकदा दाखवू."

हे काका म्हणजे जुन्या काळातले डायनॅमो-स्टार्टरवाले. दुकान म्हणजे एक शेड, एक बाकडं आणि तारांची भेंडोळी. स्कॅनर आहे, पण तो त्यांचा मुलगा हाताळतो. रविवारी मी मुद्दाम गेलो आणि समोर उभा राहून सगळं पाहिलं. ते जसं पाहिलं तसं इथे लिहितो, कारण माझ्या मते शहाणपणाची तपासणी अशीच असते.

सगळ्यात आधी त्यांनी मुलाला बजावलं, "कोड पुसू नकोस. आधी लिहून घे." कोड पडला त्या क्षणीची माहिती कॉम्प्युटर साठवून ठेवतो: इंजिनाचा वेग, तापमान, बॅटरीचं व्होल्टेज. ती कोड पुसल्यावर जाते. मग बॅटरी तपासली, तिची टोकं हलवून पाहिली, बॉडीला जाणारी अर्थची तार पाहिली. मग फ्यूज आणि रिले. ते म्हणाले, "घरात चोर शोधायच्या आधी दार उघडं आहे का ते बघावं."

मग रेग्युलेटरचा प्लग काढला. आत पाणी नाही, हिरवट कीट नाही, पिना वाकलेल्या नाहीत. मल्टिमीटर घेतला. पहिल्यांदा मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून वाचन घेतलं, कारण मीटरच्या वायरींचाही थोडा रोध असतो आणि ही कॉइल अवघ्या दोन-चार ओहमची. तेवढा आकडा वजा नाही केला तर चांगली कॉइल वाईट ठरते. कॉइल तीन ओहमच्या जवळ भरली, त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळली. मग कॉइलचं टोक आणि व्हॉल्वची धातूची बॉडी यांच्यात तपासलं. तिथे काही जोड नको, आणि नव्हताच.

म्हणजे पाच मिनिटांत आणि शून्य रुपयांत एवढं तर कळलं, की निदान या क्षणी तरी कॉइल ठीक आहे. अडतीस हजारांच्या कोटेशनआधी ही पाच मिनिटं कुणी काढली नव्हती.

पुढे चावी लावून प्लगवर वीज येते का ते पाहिलं. मीटरने सांगितलं बारा पॉइंट तीन. मुलगा म्हणाला, "सप्लाय ओके आहे." काका हसले. "मीटर खोटं बोलत नाही, पण खरंही पूर्ण बोलत नाही." त्यांनी एकवीस वॅटचा इंडिकेटरचा साधा बल्ब काढला, दोन वायरी लावलेला, आणि तो त्या सप्लायच्या पिनेवर जोडला. त्यामागचं कारण मला फार आवडलं. मीटर तारेतून जवळपास काहीच प्रवाह खेचत नाही. वीस धाग्यांच्या तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी मीटरला बारा व्होल्ट दिसतात. पण कामाला लागल्यावर तो एक धागा पुरत नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो, म्हणजे तारेला खरोखर काम करायला लावतो. नुसती ओळख विचारणं वेगळं आणि पोतं उचलायला सांगणं वेगळं!

बल्ब पेटला. लख्ख पेटला. मला वाटलं, संपलं, इथेही काही नाही. पण काकांनी मुलाला बल्बकडे बघत राहायला सांगितलं आणि स्वतः वायरिंगचा जुडगा बोटांनी हळूहळू हलवत मागे मागे जायला लागले. इंजिनाच्या एका ब्रॅकेटपाशी आले, आणि बल्ब विझला. हात सोडला, पेटला. पुन्हा वाकवलं, विझला.

टेप सोडवली. तार बाहेरून धड. काकांनी ती दोन्हीकडून अलगद ताणली, तर एका जागी रबरासारखी लांब झाली. आतलं तांबं तुटलं होतं आणि वरचं आवरण तेवढं शाबूत. क्लिप निसटल्यामुळे जुडगा ब्रॅकेटवर लोंबत होता आणि प्रत्येक आदळ्याला तिथेच वाकत होता. गाडी उभी राहिली की तुटलेली टोकं पुन्हा टेकायची, म्हणून अर्ध्या तासाने गाडी 'आपोआप' बरी व्हायची. घाटातच का बंद पडते, याचं उत्तरही त्यातच होतं. तुटका भाग कापला, नवा तुकडा जोडला, झाळलं, वर आवरण चढवलं, जुडगा नव्या क्लिपने बांधला. मग गाडी चालू करून सगळ्या बाजूंनी पुन्हा हलवून पाहिलं, कोड पुसला, आणि मुलाला खड्ड्यांच्या रस्त्यावर दहा किलोमीटर फिरवून आणायला लावलं. कोड परत आला नाही. त्यानंतर आजतागायत आला नाही.

समजा, पंप बदलला असता तर? गंमत बघा. पंप बदलताना ते वायरिंग हललं असतं, टोकं कदाचित नीट टेकली असती, आणि गाडी आठ-पंधरा दिवस सुरळीत चालली असती. वर्कशॉप म्हणालं असतं, "बघा, पंपच होता." आणि मग एका पहाटे पुन्हा माळशेज. चुकीचं निदान अनेकदा असं थोडे दिवस खरं ठरतं, म्हणून तर ते टिकून राहतं.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. काकांनी सातशे रुपये सांगितले. आणि आमचे दादा, जे अडतीस हजार मोजायला निमूट तयार होते, ते म्हणाले, "काका, एका तारेच्या तुकड्याचे सातशे?"

(दादा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका. तुमच्या जागी आपल्या घरातलं कुणीही असतं तरी हेच म्हणालं असतं.)

काका शांतपणे म्हणाले, "तारेचे दहाच रुपये धरलेत. बाकीचे बघण्याचे."

मंडळी, माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. गॅरेजवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ही सवय त्यांना लावली कुणी? आपण. आपण पार्टचे पैसे देतो, कारण पार्ट हातात धरता येतो, त्याला खोका असतो, खोक्यावर किंमत असते. विचाराला खोका नसतो. दोन तास डोकं लावून शोधलेली तुटकी तार आपल्याला 'एवढंसंच तर होतं' वाटते, आणि दहा मिनिटांत बदललेला महागडा पंप 'मोठं काम' वाटतं. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे वाक्य आपण मेकॅनिकला म्हणतो, टीव्ही दुरुस्तीवाल्याला म्हणतो, वकिलालाही म्हणून बघतो. फक्त डॉक्टरला म्हणत नाही. मग बघण्याचे पैसे मिळतच नसतील तर कुणी का बघावं? तो सरळ पार्ट विकेल. धंद्याचं गणित आहे ते.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. रेग्युलेटर खरंच बिघडत नाही असं मुळीच नाही. कॉइल जळते, आतून तुटते, गरम झाल्यावरच तुटते आणि थंड असताना चांगली दाखवते. म्हणून थंड इंजिनावरच्या एका वाचनावर निकाल देऊ नये. पाणी किंवा कचरा असलेल्या डिझेलने दट्ट्या अडकतो. कॉम्प्युटरच्या आतला ड्रायव्हरही क्वचित जातो, पण त्याच्यावर आळ घ्यायच्या आधी प्लगपासून कॉम्प्युटरपर्यंतची प्रत्येक तार अखंड आहे, बॉडीला किंवा दुसऱ्या तारेला चिकटलेली नाही, हे सिद्ध झालं पाहिजे. (आणि ते मोजताना बॅटरी सोडवून, कॉम्प्युटरचा प्लग काढून.) मोठ्या वर्कशॉपचीही अडचण आहे. त्यांना दिवसाला ठरावीक गाड्या काढायच्या असतात, आणि कधी लपून बसणारा, कधी दिसणारा दोष शोधायला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही. हे सगळं मान्य. तरीही पाच मिनिटांची कॉइल तपासणी आणि एक बल्ब यांना वेळ नाही, हे मला पटत नाही.

आणखी एक अडचण माहितीची. वर मी 'बऱ्याच गाड्यांत' असं म्हटलं, सगळ्या नाही. काही गाड्यांत कॉइलच्या दोन्ही तारा कॉम्प्युटरकडेच जातात. तार तुटली की काही पंप पूर्ण डिझेल आत घेतात, काही घेतच नाहीत. म्हणजे त्या गाडीचा वायरिंग डायग्राम समोर नसेल तर चांगला कारागीरही अंधारात चाचपडतो, आणि हे डायग्राम बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सहज मिळत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली याच मुद्द्यावर चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मोकळेपणाने मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अपिलं झाली, कोर्टबाजी झाली. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यातही वाहनं आहेत. पण आळेफाट्याच्या शेडपर्यंत यातलं किती पोचलं? काकांकडचा डायग्राम हा कुणाकडून तरी कुणाच्या तरी मोबाईलवर आलेला, अर्धा पुसट फोटो होता.

आणि हा प्रश्न आता वाढणार आहे, कमी होणार नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा आलं, तेव्हा बऱ्याच छोट्या डिझेल गाड्या बनणं बंद झालं. आपल्या रांजणगावला बनणारं तेरा-शे सीसीचं ते प्रसिद्ध इंजिनही तेव्हाच थांबलं. पण आधी विकलेल्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेतच. वॉरंटी संपलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेल्या, गावाकडे राबणाऱ्या. वय झालं की धातूआधी तारा म्हाताऱ्या होतात. आवरण कडक होतं, प्लगच्या कड्या तुटतात, पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली घर करतात. म्हणजे पी-००९० सारखे कोड अशाच गाड्यांना येणार, आणि या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनाच अडतीस हजार सगळ्यात जड जाणार.

एक गोष्ट मात्र हात जोडून. हे वाचून कुणी स्वतः पाना घेऊन बॉनेटखाली शिरू नका. जुन्या डिझेलवर मिस्त्री चालू इंजिनाचं नोझलचं नट सैल करून कुठला सिलिंडर मारत नाही ते ओळखायचे. कॉमन रेलवर ते चुकूनही करायचं नाही. त्या दाबाची बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत मांस सडायला लागतं. ती जखम लगेच शस्त्रक्रियेची असते, हळद लावून बसायची नाही. ज्यांचे हात जुन्या विद्येत तयार झालेत त्यांनाच ही सवय जास्त, म्हणून मुद्दाम सांगतो. विजेची तपासणीही जाणत्याकडूनच. जाड सुई प्लगच्या पिनेत खुपसली तर पीन रुंदावते आणि जुना दोष सापडायच्या आधी नवा तयार होतो.

मग आपण काय करायचं? फक्त प्रश्न विचारायचे. कोडचा नंबर कागदावर मागायचा. तो सर्किटचा आहे की दाबाचा, हे विचारायचं. कॉइल मोजली का, किती ओहम आली, किती यायला हवी होती? प्लगवर वीज लोड देऊन पाहिली का? वायरिंग हलवून पाहिलं का? एवढे प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर गाडी दुसरीकडे न्यावी. आणि समोरच्याने उत्तरं दिली, आकडे दाखवले, तर त्याने मागितलेले बघण्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. पार्ट बदलला नाही तरी द्यावेत. खरं तर पार्ट बदलला नाही म्हणूनच द्यावेत.

काकांच्या मुलाला मी विचारलं, "तू हेच काम पुढे करणार का?" तो म्हणाला, "बघू. पार्ट विकण्यात जास्त सुटतात." त्याच्या हाताला काकांची नजर यायला दहा वर्षं लागतील, आणि ती दहा वर्षं त्याने काढावीत की नाही, हे तुम्ही-आम्ही सातशे रुपये कसे देतो यावर ठरणार आहे.

तुमच्या गावात असे कुणी काका असतील तर त्यांच्याकडे गाडी न्या. आणि पैसे देताना निदान, निदानाचे तरी पूर्ण द्या.